रिले चालू करणं सोपं, बंद करणं शिकू या

पाण्याची टाकी भरली, फ्लोट वर आला, अर्डुइनोने (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाने) पिन शून्यावर आणली, रिलेजवळचा लाल एलईडी विझला. सगळं ठरल्यासारखं झालं, फक्त पंप थांबला नाही. रात्री अडीचच्या सुमारास गच्चीवरचं पाणी अंगणातल्या पत्र्यावर धो धो कोसळायला लागलं तेव्हा घर जागं झालं. एमसीबी पाडून पंप बंद केला. सकाळी रिलेचं निळं झाकण कटरने कापून काढलं, तर आतले दोन पॉइंट, म्हणजे स्विचची धातूची टोकं, एकमेकांना चिकटून बसले होते. कॉइलला, म्हणजे पॉइंट ओढणाऱ्या चुंबकाच्या वेटोळ्याला, वीज नव्हती, स्प्रिंग पातीला मागे खेचत होती, तरी पॉइंट सुटत नव्हते. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जोर दिला तेव्हा ‘कट्’ असा आवाज होऊन सुटले. दोन्हींवर मोहरीएवढा काळसर ठिपका होता, थिजलेल्या सोल्डरसारखा.

प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती. ट्रान्झिस्टर आणि डायोडही बरोबर लावलेले होते. १० अँपिअर असं ठळक छापलेल्या रिलेवर मी अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप थेट जोडला होता, ती माझी चूक. त्या रात्रीपासून रिलेचं कुठलंही सर्किट समोर आलं की मी आधी एकच गोष्ट बघतो: हे बंद कसं होणार आहे? चालू तर ते होतंच. इंटरनेटवरची निम्मी सर्किटं चालू होतात. पिन जळणं, ट्रान्झिस्टर शॉर्ट होणं, लाइट येताच पंप आपोआप सुटणं, पॉइंट चिकटणं, या साऱ्या भानगडी बंद होताना किंवा बंद राहताना होतात. म्हणून हा लेख त्याच बाजूने लिहितो आहे.

एका रिलेत तीन सर्किटं

रिले म्हणजे विजेच्या चुंबकाने दाबला जाणारा स्विच. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री याने १८३५ च्या सुमारास तो बनवला. तारेतून लांब जाता जाता क्षीण झालेला प्रवाह मोठं काम करू शकत नाही, पण एक छोटं चुंबक ओढू शकतो. आणि त्या चुंबकाने स्विच दाबला की तिथल्या ताज्या बॅटरीचा प्रवाह पुढे सुटतो. मजल दरमजल घोडे बदलावेत तसंच हे, आणि रिले हा शब्दही मुळात त्या घोडे बदलण्याचाच आहे. पुढे तारयंत्राचे संदेश लांबवर गेले ते याच युक्तीने.

आपल्या टेबलावर तीच गोष्ट तीन टप्प्यांत होते. पहिलं सर्किट मायक्रोकंट्रोलरच्या (प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपच्या) पिनचं, काही मिलिअँपिअरचं. दुसरं कॉइलचं, ५ किंवा १२ व्होल्टचं. तिसरं पॉइंटचं, म्हणजे २३० व्होल्टचं. पहिल्या दोघांच्या मध्ये ट्रान्झिस्टर बसतो, दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये हवा आणि प्लॅस्टिक. या प्रत्येक ठिकाणी ‘बंद’चा अर्थ वेगळा आहे आणि तो बिघडण्याची रीतही वेगळी आहे.

पिनला कॉइल थेट का लावायची नाही

बाजारात सगळीकडे दिसणारा निळा ५ व्होल्टचा रिले घ्या. मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्याच्या कॉइलचे दोन पाय मोजा, साधारण ७० ओहम येतील. ५ भागिले ७० म्हणजे सुमारे ७१ मिलिअँपिअर. अर्डुइनो उनोवर जी चिप असते, एटीमेगा३२८पी, तिच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंत घेणं बरं, आणि ४० ही तिची कमाल सोसण्याची हद्द. ईएसपी८२६६ (वाय-फाय असलेली चिप, पुढे नुसतं ईएसपी) ची पिन तर ३.३ व्होल्टची, आणि तिची हद्द १२ मिलिअँपिअर.

तरीही काही जण कॉइल थेट पिनला लावतात आणि रिले ‘टक्’ करून ओढतोसुद्धा. मग वाटतं, चालतंय की! काय होतं ते बघा. उनोच्या पिनच्या आत स्वतःचा २५-३० ओहम रोध असतो. तो कॉइलच्या ७० ओहमला जोडला की कॉइलला साडेतीन व्होल्टच्या आसपास मिळतात आणि पिनमधून ५० मिलिअँपिअर जातात. या रिलेने ७५ टक्के व्होल्टेजला, म्हणजे पावणेचार व्होल्टला ओढायलाच हवं अशी बनवणाऱ्याची हमी असते. त्याखाली ओढला तर नशीब. पिन मात्र दर वेळी आपल्या हद्दीबाहेर भाजते. शिवाय कॉइल बंद होताना जो झटका देते तो या मांडणीत सरळ चिपच्या अंगावर येतो.

ट्रान्झिस्टर: पूर्ण उघडा किंवा पूर्ण मिटलेला

मधे एनपीएन जातीचा ट्रान्झिस्टर घाला. त्याचे तीन पाय असे जोडा: एमिटर ग्राउंडला, कलेक्टर कॉइलच्या खालच्या टोकाला, कॉइलचं वरचं टोक प्लसला, आणि पिनपासून बेसपर्यंत एक रेझिस्टर. पिनने बेसमध्ये थोडा प्रवाह सोडला की कलेक्टरमधून त्याच्या कित्येक पट वाहू लागतो.

इथे नवशिके फसतात ते डेटाशीटमधल्या गेनच्या, म्हणजे प्रवाह किती पट होतो त्या, आकड्याला. बीसी५४७ चा गेन २००-३०० दिसतो, म्हणून ७१ मिलिअँपिअरला बेसमध्ये पाव मिलिअँपिअर पुरेल असा हिशेब ते मांडतात. तो गेन अ‍ॅम्प्लिफायरसाठी. स्विच म्हणून वापरताना ट्रान्झिस्टर गच्च उघडावा लागतो. अर्धवट उघडला तर व्होल्टेज कॉइल आणि ट्रान्झिस्टर यांच्यात वाटलं जातं, रिले कुरकुरत ओढतो आणि ट्रान्झिस्टर विनाकारण तापतो. म्हणून सोपा नियम धरायचा: कलेक्टरच्या प्रवाहाचा दहावा ते विसावा भाग बेसला द्यायचा. ७१ साठी साडेतीन ते सात मिलिअँपिअर. पिन ५ व्होल्टची, बेस-एमिटरमध्ये ०.७ खर्च होतात, उरले ४.३, एक किलोओहम लावला तर ४.३ मिलिअँपिअर. झालं काम. ३.३ व्होल्टच्या बोर्डाला मात्र तोच एक किलोओहम लावला तर २.६ मिलिअँपिअरच मिळतात, म्हणून तिथे ५६० किंवा ४७० ओहम लावा. अर्डुइनोवर चाललेलं सर्किट ईएसपीवर नेल्यावर ‘कधी ओढतो, कधी नाही’ असं होतं, त्याचं कारण पुष्कळदा हा एक रेझिस्टर असतो.

बीसी५४७ ची हद्द १०० मिलिअँपिअर. ७१ त्यात बसतात, पण माझ्या जिवाला ते पटत नाही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर बीसी३३७ मागा. तोही स्वस्तातच मिळतो, हद्द ८०० मिलिअँपिअर, आणि पायांचा क्रम बीसी५४७ सारखाच: सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन२२२२ घेताना सांभाळा. प्लॅस्टिकमध्ये तो पीएन२२२२ आणि पी२एन२२२२ अशा दोन नावांनी मिळतो आणि दोघांचे कलेक्टर-एमिटर एकमेकांच्या उलट असतात. दुकानदार दोन्ही एकाच पुडीत देईल. मल्टिमीटर डायोडवर ठेवून बेस शोधता येतो, पण कलेक्टर कुठला हे नाव वाचल्याशिवाय ठरवू नका.

आता आपला प्रश्न: हा बंद कसा होतो? बेस ग्राउंडच्या पातळीला आला की एनपीएन मिटतो. सरळ आहे. हेच काम पीएनपी (बेस खाली आला की उघडणारी उलटी जात) वापरून प्लसच्या बाजूने करायला गेलात तर अडकाल. समजा कॉइल १२ व्होल्टची, पीएनपीचा एमिटर १२ व्होल्टला, आणि बेसला अर्डुइनोची पिन. पिन शून्यावर आली की चालू. बंद करायला बेस १२ च्या जवळ न्यावा लागेल, पण पिन जाऊन जाऊन ५ वर जाणार. एमिटर आणि बेसमध्ये सात व्होल्टचा फरक तसाच राहतो आणि रिले कायमचा ओढलेला. अगदी हाच प्रकार काही तयार रिले मॉड्यूलमध्ये ईएसपीबरोबर होतो. आत पीएनपी ५ व्होल्टवर बसवलेला, आपली पिन ३.३ ला थांबते, मधे १.७ व्होल्ट उरतात आणि ट्रान्झिस्टर उघडाच राहतो. मुलं तासन्‌तास प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. चूक बोर्डाच्या निवडीत असते.

आणि हो, कॉइलचा सप्लाय वेगळा असला तरी त्याचं ग्राउंड आणि मायक्रोकंट्रोलरचं ग्राउंड जोडलेलं हवं. बेसमधून गेलेला प्रवाह परत यायला वाट लागते.

लाइट आल्यानंतरचा पहिला सेकंद

आपल्याकडे लाइट जाते आणि येते. आली की बोर्ड जागा होतो, पण प्रोग्रॅमची पहिली ओळ चालेपर्यंत वेळ जातो. तेवढ्या वेळात उनोच्या सगळ्या पिना अधांतरी असतात, धड शून्यावर नाहीत, धड पाचवर नाहीत. अशा पिनला लावलेला बेस आसपासच्या तारांमधला गोंगाट पकडून ट्रान्झिस्टर थोडा थोडा उघडू शकतो.

उपाय पन्नास पैशांचा आहे. बेस आणि एमिटर यांच्यात १० किलोओहमचा रेझिस्टर टाका. पिन चालू असताना त्यातून ०.०७ मिलिअँपिअर वाया जातात, हिशेबात न धरण्याइतके. पिन अधांतरी असताना मात्र तो बेसला खाली धरून ठेवतो. पिनची वायर तुटली, बोर्ड काढला, चिप मेली, तरीही रिले बंदच राहतो. मला संपूर्ण सर्किटातला सर्वांत आवडता भाग कुठला विचाराल तर हा रेझिस्टर. तो नसला तरी सर्किट टेबलावर चालतं, म्हणूनच लोक तो गाळतात.

ईएसपी८२६६ च्या बोर्डावर आणखी एक काळजी. त्याच्या काही पिना सुरू होताना स्वतःहून वर असतात. डी३ आणि डी४ तर वर असाव्याच लागतात, नाहीतर चिप नीट सुरूच होत नाही. डी० सुद्धा वर असते. आणि डी८ खाली असावी लागते. पंपाचा रिले डी४ ला लावला तर दर वेळी लाइट आल्यावर पंप क्षणभर झटका खाणार. डी१ आणि डी२ या कामाला सज्जन आहेत.

तयार मॉड्यूल बहुतेक उलट चालीची असतात: पिन खाली आली की रिले ओढतो. अर्डुइनोत ‘पिनमोड आउटपुट’ लिहिलं की पिन आपोआप खाली येते, म्हणजे पुढच्या ओळीत ती वर नेईपर्यंत रिले एकदा टकटकतो. म्हणून आधी ‘डिजिटलराइट हाय’ लिहा आणि मग ‘पिनमोड’. ओळींची अदलाबदल एवढंच, पण मोटारीला त्याने फरक पडतो.

कॉइलचा झटका

शेतावर ज्यांनी पंप चालवला आहे त्यांना हे लगेच कळेल. पाइपलाइन भरून वाहत असताना मोटर अचानक बंद झाली तर पाणी तिथल्या तिथे थांबत नाही. त्याला वेग असतो, वजन असतं. ते मागे येऊन फूट-व्हॉल्व्हवर आदळतं आणि सगळी लाइन धाडकन हादरते. कधीकधी जोड फुटतो.

कॉइलमधल्या प्रवाहाचं तसंच असतं. ७१ मिलिअँपिअर वाहत असताना ट्रान्झिस्टरने दार मिटलं, तरी कॉइल म्हणते मला वाहायचंय. प्रवाह जितक्या झटक्यात तोडाल तितकं जास्त व्होल्टेज ती स्वतः निर्माण करते. पाच व्होल्टच्या कॉइलच्या टोकाला क्षणभर शंभर-दोनशे व्होल्ट सहज उभे राहू शकतात. गंमत बघा, तारेच्या वेटोळ्याचा हा गुण पहिल्यांदा ओळखणाऱ्यांत जोसेफ हेन्रीच होता, आणि तो गुण मोजण्याच्या एककाला त्याचंच नाव आहे. रिलेही त्याचा आणि रिलेचा झटकाही त्याचाच.

बीसी५४७ चा कलेक्टर ४५ व्होल्ट सोसतो. त्यावर गेलं की तो आतून फुटतो. पहिल्या खेपेला बहुधा काही होत नाही, दहाव्यालाही नाही. ट्रान्झिस्टर आठवडाभर, महिनाभर मार खातो आणि मग एक दिवस जातो. जाताना तो बहुतेक वेळा शॉर्ट होऊन जातो, म्हणजे कलेक्टर आणि एमिटर आतून जोडले जातात. मग पिन वर असो की खाली, रिले ओढलेलाच. ‘डायोड लावला नाही तरी माझं चाललंय’ असं कुणी म्हटलं की मला हा महिन्यानंतरचा दिवस दिसतो.

डायोड, म्हणजे एकाच दिशेने प्रवाह सोडणारा पार्ट, कॉइलच्या दोन पायांवर समांतर लावायचा, पट्टीची बाजू प्लसकडे. एरवी तो उलटा असल्याने गप्प बसतो. ट्रान्झिस्टर मिटला की कॉइलचा प्रवाह डायोडमधून गोल फिरून कॉइलमध्येच परत येतो आणि हळूहळू तारेच्या रोधात जिरतो. कलेक्टरवरचं व्होल्टेज सप्लायच्या वर फक्त ०.७ चढतं. १एन४००७ लावा किंवा १एन४१४८, दोन्ही चालतात. १एन४००७ मंद डायोड आहे म्हणून इथे नको असं काही ठिकाणी सांगतात. त्याचा मंदपणा मिटताना असतो, उघडताना नाही, आणि इथे त्याला पटकन उघडायचं असतं.

सोल्डर करण्याआधी पट्टी दोनदा बघा. उलटा लावला तर ट्रान्झिस्टर उघडताच प्लसमधून डायोड आणि ट्रान्झिस्टर यांतून सरळ ग्राउंडला शॉर्ट होतं आणि दोघांपैकी एक जातो. डायोड कॉइलच्या पायांना अगदी लगटून लावा. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला लावला तर मधल्या लांब तारा स्वतःच अँटेनासारख्या वागतात.

या डायोडची एक किंमतही मोजावी लागते. प्रवाह हळूहळू जिरतो, म्हणून रिले काही मिलिसेकंद उशिरा सोडतो आणि पॉइंट जरा सावकाश उघडतात. घरगुती कामात हरकत नाही. जड भार तोडायचा असेल तर डायोडच्या जोडीला सीरिजमध्ये उलट दिशेने एक झेनर (ठराविक व्होल्टेजला उलटाही वाहू देणारा डायोड) लावतात, मग झटका झेनरच्या व्होल्टेजपर्यंत चढतो आणि प्रवाह लवकर संपतो. तो झेनर अधिक सप्लाय मिळून ट्रान्झिस्टरच्या हद्दीत बसायला हवा.

एकापेक्षा जास्त रिले असतील तर यूएलएन२००३ ही चिप बरी. सात वाटा, प्रत्येकीत बेसचा रेझिस्टर आत, डायोडही आत. डायोड कामाला लागण्यासाठी ९ नंबरचा पाय कॉइलच्या प्लसला जोडावा लागतो, आणि नेमका तोच पाय मोकळा सोडलेले बोर्ड मी पुष्कळ पाहिले आहेत. ही चिप स्वतः ०.९ व्होल्टच्या आसपास खाते, त्यामुळे ५ व्होल्टचा रिले काठावर येतो. १२ व्होल्टचा घ्या. त्याची कॉइल ४०० ओहमची असते आणि ३० मिलिअँपिअरवर भागते.

सप्लायबद्दल थोडक्यात. चार निळे रिले एकदम ओढले की २८५ मिलिअँपिअर लागतात, आणि साध्या यूएसबीतून ५०० मिळतात. त्यात ईएसपीचं वाय-फाय असेल तर रिले ओढण्याच्या क्षणी बोर्ड रिसेट होणार. कॉइलला वेगळा सप्लाय द्या, कॉइलच्या प्लसजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवा.

पॉइंटच्या बाजूला

इथून पुढे चूक झाली तर पार्ट जाण्यावर भागत नाही, माणूस जाऊ शकतो.

तीन टोकं असतात: कॉमन, एनओ (नॉर्मली ओपन), एनसी (नॉर्मली क्लोज्ड). कॉइलला वीज नसताना एनओ उघडा असतो. पंप, हीटर, गीझर, ज्याचं चालू राहणं धोक्याचं, ते एनओवर. मग सर्किट मेलं की भारही थांबतो. तोडायची ती फेज, न्यूट्रल नाही. न्यूट्रल तोडला तर बल्ब विझतो, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच थांबलेले असतात, कुणाच्या तरी बोटाची वाट बघत. जुन्या घरांत वायरचे रंग गृहीत धरू नका. टेस्टर लावून बघा.

आता त्या १० अँपिअरकडे येऊ. हा आकडा हीटरसारख्या साध्या भारासाठी असतो. अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप चालताना तीन-चार अँपिअर घेतो, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहापट, म्हणजे १५-२४ अँपिअर. पॉइंट मिटताना एकदा आदळून किंचित उसळतात, आणि नेमक्या त्याच क्षणी हा लोंढा येतो. ठिणगी पडते, धातू वितळतो, पॉइंट पुन्हा टेकतात आणि थिजतात. माझ्या रिलेतला मोहरीएवढा ठिपका तोच.

बंद होताना वेगळी ठिणगी. एसीत प्रवाह सेकंदात १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगीला विझायला संधी मिळते. डीसीत ती संधी नाही. म्हणूनच रिलेवर २५० व्होल्ट एसी लिहिलेलं असतं आणि डीसीला फक्त ३० व्होल्ट. शेतावर सौर पंप असलेल्यांनी हे नीट ध्यानात ठेवावं. पॅनेलच्या ओळीची शंभर-दोनशे व्होल्टची डीसी या निळ्या रिलेने तोडायला गेलात तर पॉइंट उघडल्यावरही ज्वाळा मधे धरून राहील आणि रिले पेटेल.

पंपासाठी बरोबर मार्ग म्हणजे आणखी एक टप्पा. छोट्या रिलेने कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरसाठीच्या दणकट रिलेची, कॉइल चालवायची आणि कॉन्टॅक्टरने मोटर. कॉन्टॅक्टर निवडताना त्यावर एसी-३ पुढे लिहिलेला आकडा बघा, तो मोटरसाठीचा असतो. कॉन्टॅक्टरची कॉइल २३० व्होल्ट एसीची, म्हणून तिला डायोड चालत नाही. १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (मेनवर लावण्याजोगा) कपॅसिटर सीरिजमध्ये जोडून तो जोड कॉइलच्या टोकांवर समांतर लावा. हा नसेल तर कॉन्टॅक्टर सोडताना उठणाऱ्या गोंगाटाने शेजारचा ईएसपी हँग होतो, आणि कारण मात्र सापडत नाही.

हाच जोड कित्येक जण रिलेच्या पॉइंटवर लावतात. तेही योग्य, पण मग रिले ‘बंद’ असतानाही कपॅसिटरमधून सुमारे ७ मिलिअँपिअर वाहत राहतात. एलईडी बल्ब मंद मिणमिणतो, आणि वायरला हात लावला तर झटका बसतो. रिले बंद आहे म्हणून कधीही हात घालू नका. एमसीबी पाडा, टेस्टरने बघा, मगच.

निळा रिले उलटा करून त्याचे पाच पाय नीट पाहा. एका टोकाला एनओ, एनसी. दुसऱ्या टोकाला तीन पाय: कडेला कॉइलचे दोन आणि त्यांच्या मधे कॉमन. म्हणजे फेज येते ती कॉइलच्या दोन पायांच्या बरोबर मधे, सहा-साडेसहा मिलिमीटरवर. झीरो पीसीबीवर (भोकं असलेल्या तयार बोर्डावर) मधली तांब्याची टिकली तशीच राहिली, तिच्यावर थोडं सोल्डर पसरलं, तर ते अंतर अर्ध्यावर येतं. मधल्या टिकल्या तापवून उचकटून काढा. पीसीबी स्वतः बनवत असाल तर कॉमनभोवती फाइलने किंवा ड्रिलने सरळ खाच पाडा, म्हणजे पावसाळ्यातली ओल आणि धूळ यांना पूल बांधता येणार नाही. ब्रेडबोर्डवर २३० व्होल्ट कधीही नाही. सगळं बंद डब्यात, स्क्रू टर्मिनलवर, आधी फ्यूज, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर या उद्योगाआधी तो बसवून घ्या. तयार ऑप्टोकप्लरच्या (दोन बाजू फक्त प्रकाशाने जोडणाऱ्या चिपच्या) मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसीचा जंपर असतो. तो काढून कॉइलला वेगळा सप्लाय दिला तरच ऑप्टोचा काही उपयोग. इथे, नुसत्या ट्रान्झिस्टरच्या सर्किटासारखी, दोन्ही ग्राउंड जोडलीत तर ऑप्टो असून नसल्यासारखा.

पहिली चाचणी मेनवर घेऊ नका. पॉइंटला बॅटरी आणि १२ व्होल्टचा छोटा दिवा लावा. शंभर वेळा चालू-बंद करा, मधेच रिसेट दाबा, पिनची वायर उपटा, सप्लाय काढून परत घाला, आणि प्रत्येक वेळी दिवा विझतो का ते बघा. मग साध्या बल्बचा भार लावून इलेक्ट्रिशियनच्या सीरिज बोर्डावरून (ज्यात मेनच्या वाटेत एक बल्ब असतो) मेन द्या. कुठे शॉर्ट असेल तर फटाका न वाजता सीरिजचा बल्ब पूर्ण पेटेल. पंप सगळ्यात शेवटी.

माझ्या पंपाची मांडणी आता अशी आहे. निळ्या रिलेने कॉन्टॅक्टर ओढायचा. कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वायरमध्ये टाकीतला दुसरा फ्लोट सीरिजमध्ये आहे, पहिल्याच्या चार बोटं वर. त्याचा अर्डुइनोशी काही संबंध नाही. चिप मेली, ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, निळा रिले चिकटला, तरी पाणी तिथवर चढलं की तो तोडतो. प्रोग्रॅममध्ये पंपाला सलग ४० मिनिटांची मर्यादा आहे, आणि अडकलेल्या चिपला उठवायला वॉचडॉग. लाइट आल्यावर दोन मिनिटं काहीच ओढायचं नाही, व्होल्टेज स्थिर होऊ द्यायचं. कॉन्टॅक्टरचा जोड-पॉइंट, ज्याला ऑक्झिलरी म्हणतात, तो एका इनपुट पिनला आणला आहे. रिले सोडून दोन सेकंद झाले आणि तो पॉइंट अजून मिटलेलाच असेल तर बझर वाजतो, एमसीबी पाडेपर्यंत.

रात्री टाकी भरते तेव्हा जिन्याखालच्या डब्यातून आधी बारीक ‘टक्’ ऐकू येतं, लगेच कॉन्टॅक्टरचं जड ‘धप्’, आणि मग मोटरची घरघर उतरत जाते. ती पूर्ण थांबेपर्यंत मी अजूनही जागा असतो.